सर्व्हरने मला कळवलं नाही

२२ सप्टेंबर, सोमवार, स. १०.१५
दूध संघाच्या सर्व्हरकडून तीन दिवसांत ६४ मेल. डिस्क, बॅकअप, तापमान, सगळ्यांचे रिपोर्ट. संकल्प: आजपासून प्रत्येक मेल चहासोबत वाचणे. माझा करार ३१ ऑक्टोबरला संपतो. चेअरमन माणिकप्पा म्हणाले, दिवाळीनंतर एक जागा कायम करायची. जागा एक, सर्व्हरची माहिती असणारा माणूसही एकच. मी.

२३ सप्टेंबर
चार मेल वाचल्या. चारही म्हणतात, सगळं ठीक. ठीक असेल तर कळवता कशाला?

२६ सप्टेंबर, शुक्रवार
युक्ती! सर्व मेल आपोआप क्षमाकडे जातील अशी सेटिंग केली. क्षमा म्हणजे आमची डेटा एंट्रीवाली, तेर गावाहून एसटीने येते. तिला सांगितलं, तुझ्याच ज्ञानात भर पडेल. म्हणाली, "बरं सर, रोज वाचते." वाचेल कसली! माझा इनबॉक्स स्वच्छ. यालाच मॅनेजमेंट म्हणतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सर्व यंत्रांची पूजा. सर्व्हरला मी स्वतः झेंडूचा हार घातला, उमादेवी वहिनींनी, म्हणजे चेअरमनबाईंनी, भरजरी शाल पांघरली. फोटोत सर्व्हर आणि मी मध्यभागी.

३ ऑक्टोबर
क्षमा शाल काढत होती! म्हणे, "सर, पंखा झाकलाय, मशीन लई गरम व्हायलंय, तशी मेल आलीय." वहिनींचा मान नाही का काही? रागावलो. शाल परत नीट पांघरली, कोपरे खोचले.

६ ऑक्टोबर, सोमवार, स. ७.४०
सर्व्हर बंद. दारात दुधाच्या गाड्यांची रांग, फॅटची नोंद होईना. चेअरमनना स्पष्ट सांगितलं: सर्व्हरने मला काहीच कळवलं नाही. दगा दिला.

दु. १२
खरा दगा पुढे होता. क्षमाने फाइल काढली. तापमानाच्या नऊ मेल, छापून, तारखेवार! वर प्रत्येक पानावर माझं नाव: 'विरुपाक्ष यांजकडून'. बॅकअप होत नसल्याची मेल वाचून तिने रोज वेगळी कॉपीही ठेवली होती. अकरापर्यंत सगळं सुरू. मला एका शब्दाने बोलली नाही. ज्यांना आपण हाताने घास भरवतो, तेच असे वागतात. आतून तुटलो. जेवण गेलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
क्षमा कायम. पेढा घेतला, खिशात टाकला.

चेअरमननी बोलावलं. क्षमाने त्यांना सांगितलं म्हणे, सरांनी मला पहिल्या दिवसापासून सगळ्या मेल पाठवून शिकवलं. सुटकेचा निःश्वास टाकला. पोरगी तशी चांगली आहे. म्हटलं, हो, माझं सगळं ज्ञान तिला दिलं, काही राखून ठेवलं नाही.

माणिकप्पांनी माझा हात हातात घेतला. "लई मोठं मन हाय तुमचं, विरुपाक्षराव. सगळं शिकवून झालं न्हवं? मग आता तुमचा करार वाढवायचं काय कारण न्हाय."