बाबांचा डबा

आई, आज सकाळी बाबा चपला घालून स्वतःहून दाराशी उभे राहिले आणि मलाच म्हणाले, आटप. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत घरात काय काय नाही झालं, पण तुला लिहून सांगावं असं वाटलं ते हेच. अर्थात नुसतं एवढ्यावरून तुला काय कळणार, म्हणून आधीपासून सांगते.

बाबांना विसरायचा आजार झालाय. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. खोपटच्या एसटी डेपोत जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचे. आता शर्टाची बटणं वरखाली लागली तरी कळत नाही. मी नौपाड्यात एका लॅबमध्ये कामाला, त्यामुळे दिवसभर घरी ते एकटे. दोनदा गॅस तसाच चालू राहिला. मग लॅबच्या मागच्या गल्लीतच एक केंद्र सापडलं. अशी माणसं सकाळी तिथे येतात, गाणी म्हणतात, जेवतात, संध्याकाळी आपापल्या घरी. पहिल्या दिवशी बाबा एका हाकेत आले. दुसऱ्या दिवसापासून मात्र दाराची जाळी घट्ट धरून उभे. मी समजावलं, विनवलं, चिडले, नको ते बोलले. खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मी बाबांचं एकेक बोट जाळीवरून सोडवतेय. ते एवढंच विचारायचे, "मला कुठे सोडायला नेतेस?"

बारा दिवस हे असं. शेवटी डोंबिवलीहून तुझा धाकटा आला. म्हणाला, ताई, नोकरी सोडून घरी बसणार आहेस का? महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम मी बघून आलोय. वाईट नाही गं तो, त्यालाही झोप नसते. पण बाबा आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. मला इतका संताप आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

केंद्रातल्या बाई माझ्याहून बऱ्याच लहान, पण कामाला पक्क्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी मला पाणी दिलं. येणार का, असं विचारूच नका म्हणाल्या, कारण विचारलं की 'नाही' असंच उत्तर येतं. आणि वाद तर अजिबात नको. मग विचारलं, नोकरीला असताना बाबा घरातून कसे निघायचे? मी सांगत सुटले. दाढी, डोक्याला तेल, मानेला पावडर, देवाला नमस्कार, मग तू हातात डबा द्यायचीस. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं. केंद्रात जेवण मिळतं ना, म्हणून मी शहाणी त्यांना रोज रिकाम्या हातांनी घराबाहेर काढत होते.

मला आपलं जुनं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी सातवीत आहे. पोळ्यांना उशीर झालाय, बाबा दारात खोळंबलेत आणि मी ओट्याला टेकून सांगतेय की खातील की ते कॅन्टीनमध्ये, त्यात काय एवढं. तू लाटणं खाली ठेवतेस. ओरडत नाहीस, पण तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो. "डबा म्हणजे नुसतं जेवण वाटलं का गं तुला? घरचा डबा नेलेला माणूस तो परत द्यायला घरी येतो." तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. बाबा मात्र रोज संध्याकाळी आधी मोरीशी जाऊन रिकामा डबा ठेवायचे, मगच चपला काढायचे.

डबा माळ्यावर होता. तोच, तीन खणांचा, झाकणावर तू दुकानात बसून बाबांचं नाव कोरून घेतलेला. चिंचेनं घासला, पोळ्या आणि भेंडीची भाजी भरली. सकाळी जायचं-यायचं काहीच बोलले नाही, नुसता हातात दिला. बाबांनी झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. कडी लागलीय ना ते बघितलं. म्हणाले, "संध्याकाळी येतो. दार लावून घे." आणि तरातरा जिना उतरले. मी पर्स घ्यायची विसरले आणि तशीच मागे धावले.

याला आता दोन महिने झाले. रोज सगळं सुरळीत होतं असं नाही, कधी आम्ही अर्ध्या वाटेतून परत येतो. पण वृद्धाश्रमाचा विषय धाकट्यानेच सोडून दिला. रविवारी येऊन डबा तोच घासून ठेवतो. बाबा तिथे डबा उघडून आधी शेजारच्यांपुढे सरकवतात, डेपोत करायचे तसं. घरात माझं नाव आठवत नाही त्यांना, पण ही रीत गेलेली नाही. काय अभिमान वाटतो म्हणून सांगू. मागच्या शनिवारी बाईंनी इतर घरच्या लोकांना बोलावून मला बोलायला उभं केलं. मी, चारचौघांत! पण बोलले. कल्याणहून एक सून येते, तिच्या सासूबाई सकाळी खोलीतून बाहेरच पडत नव्हत्या. शाळेत शिक्षिका होत्या त्या. परवा त्या छोटा डबा आणि छत्री घेऊन आलेल्या. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी सांगितलं, हे माझ्या आईचं आहे.

एक गोष्ट तेवढी तिथे सांगितली नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार आहे मी, म्हणून इथे सांगते. पहिल्या दिवशी बाबा एका हाकेत आले, कारण मी म्हणाले होते, आई तिथे वाट बघतेय. दोन मिनिटांत तयार झाले. दिवसभर तिथल्या एकेका बाईचा चेहरा बघत फिरत होते, हे मला संध्याकाळी कळलं. पुन्हा असं बोलले नाही. पण त्या दिवशी तुझं नाव वापरलं मी, तुला न विचारता.