तीन नंबरचं मशीन आणि आबा

३ नोव्हेंबर, सोमवार
डायलिसिस सेंटर. तीन नं. मशीन रोज अलार्म देऊन बंद. आधीच्या इंजिनिअरने दोनदा बोर्ड बदलला होता. मी बोर्ड उघडलाच नाही, महिन्याचं रजिस्टर वाचत बसले. दर वेळी पावणेअकराच्या आसपास. त्याच वेळी धुलाईच्या खोलीतला नळ सुरू होतो, आणि तो याच पाइपवर, म्हणून मशीनच्या पाण्याचा दाब पडतो. नळ वेगळ्या पाइपवर घेतला. खलास.

टेक्निशियन गजूभाऊ म्हणाले, "म्याडम, तुमच्या डोक्यात हाय तरी काय?" मी म्हटलं, मेंदू. ते खूप हसले. गंमत होती, हे गाडीत बसल्यावर कळलं.

दुपारी त्याच मशीनवर आबा. माझे वडील. चार तास मी त्यांच्याकडे नाही, आकड्यांकडे बघत होते.

७ नोव्हें.
आज सेंटरवरून येताना, वरवटच्या फाट्यावर आबा : "सुजा, बस झालं आता. मले नाई जायचं पुन्हा."

घरी येऊन कारणं लिहिली. सुई, प्रवास, खाज, मोजून पाणी. प्रत्येकासमोर उपाय. आबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. जन्मभर मास्तर, एक ऱ्हस्व-दीर्घही सुधारलं. मग म्हणाले, "मी मशीन व्हय का वं?"

कागद फाडला.

९ नोव्हें., रविवार
भाऊ विलास देऊळगाव राजाहून आला. आबांशी बोलला, मग माझ्यावर ओरडला. "बाप मराले निघाला, अन् तुले रडू बी येत नाई काऊन?"

नाही आलं. एकेक श्वास मोजून घेत होते. हे सांगायचं वाक्य जुळलं तोवर तो एसटीला निघून गेला होता. दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव दिलं, तेव्हा हाच म्हणाला होता, "चांगली धडधाकट तर हायेस."

१२ नोव्हें.
कंपनीचा फोन. मला बढती, अख्ख्या विदर्भातल्या मशीन-दुरुस्तीची मुख्य. साहेब म्हणाले, तुमच्यासारखं कोणी नाही. शाळेत हेच ऐकलंय, दुसऱ्या अर्थाने.

आबांनी भिंत धरत धरत गल्लीत चार घरी जाऊन सांगितलं. परत आले ते धापा टाकत. पाय सुजलेत. सोमवारचं डायलिसिस चुकलं, आज बुधवारचंही.

१३ नोव्हें.
डॉक्टरांना फोन. किडनी परत सुरू होईल का? नाही. थांबवलं तर किती दिवस? त्यांनी आकडा सांगितला. लोक असे आकडे का विचारत नाहीत, ते आज कळलं.

१४ नोव्हें., सकाळ
सेंटरची गाडी दारात. आबा बाजेवर, पाय अनवाणी. मी स्वेटर घेऊन उभी.

"तू सांग, जाऊ का नको? तू खोटं बोलत नाईस, म्हणून तुले इचारून राह्यलो."

कामावर असं कधी होत नाही. शोधलं की सापडतंच. इथे शोधायला काही...

"मले तुम्ही पाह्यजे," एवढंच म्हटलं. हे उत्तर नाही, मला माहीत आहे.

त्यांनी हात माझ्या हाताशेजारी ठेवला, स्पर्श होणार नाही असा. लहानपणापासून असाच ठेवतात.

ड्रायव्हरला दहा मिनिटं थांब म्हटलंय. सात झाली. आबा चपलांकडे बघत बसलेत.