केरबाची शिलाई

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज रुजू झाले. एक बॅग, एक वळकटी आणि आईनं दिलेला कारळाच्या चटणीचा डबा, एवढा संसार घेऊन काल परभणीहून इथं उतरले तेव्हा वाटलं, याच गाडीनं परत जावं. आज मात्र स्वतःचंच हसू येतंय. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली मिळालीय. घरमालकीण पुतळाबाई खाली एकट्याच राहतात. मी 'सरकारी कामावर' आलेय, हे त्यांनी सकाळच्या आत अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

खरं तर काम कंत्राटी. सरकारी ग्रंथालयातले जुने कागद संगणकावर आणायचे, लोकांना घरबसल्या वाचता येतील असे लावून द्यायचे, इथल्या लोकांना ते शिकवायचं आणि निघून जायचं. पण आदेशात 'अपेक्षा' या माझ्या नावाखाली 'तज्ज्ञ' असं छापलंय. सोमनाथदादानं त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आत्यानं त्याला हळदीकुंकवाची चित्रं चिकटवली.

ग्रंथालय शहागंजात, बाजाराच्या मागं. पिवळ्या रंगाची दुमजली इमारत, वर पाण्याच्या टाक्या, दारात कडुलिंब. ग्रंथपाल तनुजा मॅडम मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या. शिपाई कडुबा निवृत्तीला टेकलेत. मी त्यांना मामा म्हणाले, तर लाजून डोक्यावरची टोपी नीट करायला लागले. मला तळमजल्यावरची जुनी पुस्तकबांधणीची खोली दिलीय. माझ्याआधी अभय नावाचे तज्ज्ञ होते, ते आजारी पडून मधेच सोडून गेले, असं मॅडम म्हणाल्या. खोलीला खळीचा आंबूस वास आहे. चालतंय. खिडकीतून ऊन येतं, बाजार ऐकू येतो. मला आवडली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कामाला हात बसला. मराठवाड्यातल्या जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड आहेत, जाडजूड, पाठीला लाल कापड. एकेक पान उघडून टिपत बसलं तर जन्म जाईल, म्हणून अभयनी घालून दिलेली पद्धत अशी: खंड कटिंग मशीनमध्ये ठेवायचा, बटण दाबायचं, पातं खाली येतं आणि पाठीची शिलाई एका घावात सुटून पडते. मग सुटी पानं स्कॅनर भराभर ओढून घेतो. अगदीच नाजूक पानं तेवढी काचेखाली धरून वरच्या कॅमेऱ्यानं टिपायची. झालेले गठ्ठे मागच्या गोदामात जातात. पुढं रद्दीत.

पहिल्या घावाला जीव थोडा चुरचुरला. शिलाई फार सुंदर होती. मेण लावलेला दोरा, एकसारखे टाके, एकही सैल नाही. कोणी केली म्हणून कडुबामामांना विचारलं, तर मॅडम बोलावतायत म्हणून निघून गेले. ते आत येत नाहीत, चहासुद्धा बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जातात. मला वाटतं, मशीनच्या आवाजानं त्यांचं डोकं दुखत असावं.

दुपारी एक म्हातारे वाचक आले होते. आपल्या वडिलांची बातमी कुठल्याशा अंकात आहे म्हणाले. मी ती संगणकावर शोधून मोठी करून दाखवली. त्यांनी पडद्याला हात लावून नमस्कार केला. आपण चांगलं काम करतोय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कोणीतरी चेष्टा करतंय.

काल कापून, स्कॅन करून बाजूला ठेवलेला खंड आज सकाळी टेबलावर शिवलेला होता. पानं क्रमानं लावलेली, पाठीला नवी खळ, अजून ओली. तेच टाके. कुलूप मी स्वतः लावलं होतं आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मॅडमना सांगितलं. कापायचा राहिला असेल, उन्हाळा लागायच्या आधीच डोकं तापलं का, असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. पण मशीनखाली कालची कापलेली लाल पाठ पडली होती, ती मी त्यांना दाखवली नाही. का दाखवली नाही, कोण जाणे.

परत कापला. या वेळी पातं जरा अडखळलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नाजूक पानं टिपत होते. मी पांढरे हातमोजे घालते, दोन्ही हातांनी पान धरते, पायाखालचं बटण दाबते. संध्याकाळी चित्रं तपासताना एकात तीन हात दिसले.

दोन माझे, मोजे घातलेले. तिसरा पानाच्या खालच्या कोपऱ्यावर, पान धरून ठेवल्यासारखा. काळसर, उघडा, म्हाताऱ्या माणसाचा. अंगठा धड. बाकीची बोटं मधल्या पेरापाशीच संपलेली.

वाटलं, अभयच्या वेळचं जुनं चित्र मिसळलं असेल. पण तारीख आजची होती आणि चित्रातल्या माझ्या बाहीवर सकाळी सांडलेल्या चहाचा डाग होता.

चित्र पुसून टाकलं. पुढचं उघडलं. त्यातही होता. आता कोपऱ्यावर नव्हता, माझ्या मनगटाजवळ होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

जेवण झाल्यावर खुर्चीतच डोळा लागला असावा. जागी झाले ती दोरा ओढल्याच्या आवाजानं. सर्रर्र. तो आवाज माझ्याच हातातून येत होता. उजव्या हातात लाकडी मुठीचं जुनं दाभण होतं, डाव्यात कापलेल्या पानांचा गठ्ठा, आणि मी शिवत होते. डोळे उघडल्यावरही हात थांबले नाहीत. टाका पूर्ण केला, गाठ मारली, मग टेबलावर शांत पडले. दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

मला साधं बटण नीट लावता येत नाही. आई अजून त्यावरून बोलते.

नखांत मेण आहे. घासून घासून बोटं लाल झाली, तरी जात नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज कडुबामामांना अंगणात कडुलिंबाखाली गाठलं आणि हात पुढं करून सरळ विचारलं. त्यांनी माझी नखं बघितली आणि खालीच बसले. मग जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. माझ्या शब्दांत लिहायला जमणार नाही.

"केरबा म्हनून बाइंडर व्हता. धनगराचा गडी. ल्हानपनी मेंढरामागं, मंग जलमभर इथंच, रोजंदारीवर. ही सगळी पुस्तकं त्याच्या हातची. मशीन आली तवा अभयसायबाच्या पाया पडला. म्हनला, कापू नका, मी उसवून देतो, तुमचं झालं का परत शिवतो. सायबाला टारगेट व्हतं. मंग रोज यायचा आन् मशीनम्होरं बसायचा. एक रोज पातं खाली यायला आन् यानं हात मधी घालायला एकच गाठ पडली."

अपघात ना, मी विचारलं. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी दारात व्हतो, पोरी. सायबानं हात बघितला. लई टाइम व्हता. पर बटनावरचं बोट काढलं नाय."

चार बोटं गेली. दवाखान्यात नेलं, जखम चिघळली, अंगभर विष पसरलं आणि आठवड्याच्या आत केरबा गेला. पोलीस? चौकशी? मामा हसले, तसं हसणं मी कधी बघितलं नव्हतं.

"हजेरीपटावर नावच नव्हतं त्याचं. मंग मेला कोन?"

मशीन पुसून दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं म्हणे. त्याच मशीनवर मी.

रविवार, २ मार्च

कडुबामामांकडून अभयचा पत्ता घेतला आणि वेरूळला जाऊन आले. अभयचं घर मंदिराच्या मागच्या आळीत, आईवडलांचं बेलफुलांचं दुकान आहे. आई आधी आत घेईनात. मी नखं दाखवली, तेव्हा बाजूला झाल्या.

अभय माझ्याच वयाचे असतील. खाटेवर बसले होते, दोन्ही हात उशीखाली. आईनं उशी काढली. डाव्या हाताची बोटं एकमेकांना जोडलेली, मधे टाक्यांचे वण, सगळे एकसारखे. उजव्याचीही तशीच. डॉक्टरांनी सोडवली की पुन्हा तेच, असं त्या माउलीनं सांगितलं. घरात सुई ठेवत नाहीत. मग ते बाभळीचा काटा शोधतात. लेक स्वतःच करतो, आपण डोळ्यांनी बघितलंय, असं सांगताना त्या एकदाही रडल्या नाहीत.

अभय माझ्याकडं न बघता बोलले. एवढंच.

"त्याला बोटं नाहीत ना. म्हणून तो आपली वापरतो."

मी म्हणाले, मी आता कापणार नाही, कापलेलं सगळं शिवून देते. त्यावर ते म्हणाले, "मी दिली शिवून. सगळी. पुस्तकं संपली की मग हात रिकामे राहतात."

परतीच्या गाडीत हात पदराखाली घट्ट धरून बसले. दौलताबादच्या घाटात शेजारच्या बाईनं मला हलवलं. मी तिच्या पिशवीचा कडेचा दोरा ओढून काढत होते.

सोमवार, ३ मार्च

राजीनामा दिला. सगळं सांगितलं, केरबाचं नाव घेऊन. तनुजा मॅडमचा चेहरा त्या नावावर पांढरा झाला. म्हणजे त्यांना माहीत होतं. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, जुनी प्रकरणं उकरू नकोस, पाहणीला वरून लोक येणार आहेत, जेवढे खंड उरलेत तेवढे काढून दे, मग जा. मी नाही म्हणाले. त्या स्वतः उठून त्या खोलीत गेल्या, एक खंड मशीनमध्ये ठेवला आणि बटण दाबलं. माझ्याकडं बघत. यात काय आहे, अशा अर्थानं.

मी त्यांच्या हातांकडं बघत होते.

किल्ली टेबलावर ठेवून आले. मशीनचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

मंगळवार, ४ मार्च

वाटलं होतं, ती खोली सुटली की सुटेल.

सकाळी उठले तर चादर उशीला शिवलेली. उशी गादीला. माझ्या ओढणीतला दोरा उसवून वापरलेला. सुई कुठून आली माहीत नाही — पुतळाबाईंच्या शिवणाच्या डब्यातून असेल — जिना उतरून गेले असेन — आठवत नाही.

पुतळाबाईंना सांगितलं. घाबरतील, घर सोडा म्हणतील वाटलं होतं. त्यांनी डबा उचलला आणि शेजारी देऊन आल्या. सगळ्या सुया, पिना, टाचण्या. मग माझ्या समोर बसल्या आणि माझे दोन्ही हात हातांत घेतले. सोडले नाहीत. म्हणाल्या, "मी हाय ना बाई. धरून बसते. किती येळ बी धरते."

त्यांनी धरल्यावर हात माझे असतात. उबदार. माझे.

बुधवार, ५ मार्च

दादाला फोन केला. उद्या निघतो म्हणाला. आईला अजून सांगितलेलं नाही.

कडुबामामा येऊन गेले. मॅडम आज कामावर आल्या नाहीत. फोन त्यांच्या नवऱ्यानं उचलला. नीट बोलला नाही, रडत होता, असं मामा म्हणाले. मी पुढचं विचारलं नाही.

हात सारखे चाळा करतात. हवेत. दोरा नाही, सुई नाही, तरी टाके —

गुरुवार, ६ मार्च

दादा गाडीत बसला. दुपारपर्यंत पोचतो म्हणाला. पुतळाबाई सकाळपासून हात धरून बसल्या होत्या. भाकरीही त्यांनीच भरवली.

आता नळाला पाणी आलं. या गल्लीला आठवड्यानं येतं, भरलं नाही तर घरात थेंब राहणार नाही. आत्ता आलेच बाई, हलू नको, म्हणून खाली गेल्या. मोटार लावलीय. तिचा आवाज —

एक कळलं. लिहीत असले की उजवा हात माझा राहतो. म्हणून वही मांडीवर घेतली. थांबले की तो डाव्याच्या मदतीला जातो.

डावा माझा नाही. डाव्यात दाभण आहे. सगळं शेजारी दिलं होतं. हे तेच, लाकडी मुठीचं, ग्रंथालयातलं. मी आणलं नाही — मी आणलं नाही —

हाक मारली. मोटार. परत मारली.

वहीतून गेलं. वही, साडी, मांडी. आधी टोचतं, मग दोरा सरकतो तो जास्त — सर्रर्र — टाका सारखा आहे. सुंदर आहे. देवा, सुंदर आहे

फोन वाजतोय. दादाचं नाव. घ्यायचा तर पेन ठेवावं लागेल. ठेवलं तर —

केरबा मामा मी बंद केलं होतं कापायचं मी सांगितलं होतं सगळ्यांना तुमचं नाव सांगितलं होतं

थांबला.

डावा थांबला. मोटारही थांबली. पुतळाबाई बादल्या सरकवतायत. येतील आता. जिन्यावर पाय वाजतोय. हात परत माझे —

नाही — तो उजव्याकडं वळलाय. पेनाभोवतीची बोटं जवळ घेतोय, एकेक, हळूच, पानं जुळवावीत तशी — अंगठ्यापाशी पहिला टा