आईच्या कठड्यावरच्या गाठी

ती. दादास,

कोपरापासून नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण परवा गुडघ्यावर ठिणगी बसली आहे, त्यामुळे वाकण्यापुरता आदर सध्या शिल्लक नाही. तू बरा असशीलच. वहिनीची पाठ कशी आहे? तुझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत माणसं अजून आ वासून पडत असतील आणि त्यांच्या तोंडात कापूस कोंबून तू त्यांना 'मुलं काय करतात?' असं विचारत असशील, असं धरून चालते. इकडे आमचे हे खुशाल. आई खुशाल (म्हणजे माझ्यावर भडकली आहे, पण जेवण व्यवस्थित आहे). ग्राइंडरच्या आवाजामुळे खालच्या मजल्यावरच्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं आहे, तेव्हा तेही खुशाल असावेत. फोनच करणार होते, पण आपण फोनवर बोलायला लागलो की आईला पलीकडच्या खोलीतून दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी तुझे आभार. वेल्डिंग सुधारलं बाबा माझं! तुला आठवतंय ना, आईनं आपल्या दोघांना समोर बसवून काय सांगितलं होतं? ज्याच्या घरी पलंगापासून बाथरूमपर्यंत कुणाचा हात न धरता जाता येईल, त्याच्या घरी मी राहणार. झालं, तू तुझ्याकडे भिंतीला कठडा ठोकलास, मी माझ्याकडे. तू नवा कोरा पाइप आणलास आणि त्याचे तुकडे स्वतःच वेल्ड केलेस. मी माझ्या शिवणाच्या खोलीतलं कापडांचं जुनं रॅक मोडलं, त्याचे लोखंडी अँगल दोन-दोन समोरासमोर लावून चौकोनी दांडे केले आणि वरच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगची शिवण घातली. (शिवणच म्हणणार मी. जन्म गेला त्यात.) आणि तिथंच घोळ झाला. शिवताना दोरा संपला की आम्ही काय करतो? दोन टाके मागून सुरुवात करतो, म्हणजे शिवण उसवत नाही. मी वेल्डिंगचा रॉड जळून संपला की तेच केलं. नवा रॉड घेतला, जुन्या शिवणीवर मागे टेकवला, आणि निघाले. कापड बिचारं ऐकून घेतं. लोखंड ऐकून घेत नाही, ते फुगून बसतं. त्यामुळे जिथं जिथं रॉड बदलला तिथं तिथं ही भली मोठी गाठ, आणि त्या गाठीच्या आधी रॉड संपल्याचा खड्डा, तो तसाच उघडा. त्यात मला काम उरकायची घाई, म्हणून मी दोन्ही टोकांकडून शिवत आले. मधे दोन शिवणी एकमेकींना भेटल्या तिथं तर टेंगूळच आलं.

तू आलास, त्यावरून बोट फिरवलंस आणि चारचौघांत म्हणालास, हा कठडा आहे की कुणाचा मणका? मी हसले. पण दादा, मला फार लागलं ते. (आमचे हे तुझ्यापेक्षा जोरात हसले. त्यांना त्या दिवसापासून चहा स्वतः करून घ्यावा लागतो.) मग तू जाता जाता दाराशी उभा राहून सगळं समजावलंस. आधी शिवणीवर जमलेला पोपडा ठोकून काढ. तारेच्या ब्रशनं घासून लख्ख कर. रॉड खड्ड्याच्या जरा पुढे पेटव, तसाच मागे खड्ड्यात आण, खड्डा भरेपर्यंत थांब, आणि मग पुढे चालू लाग. पेटवल्याची खूण आपल्याच शिवणीखाली गडप होते. आणि दोन शिवणी जिथं भेटायच्या तिथं आधीच्या शिवणीचं तोंड घासून उतरतं कर, म्हणजे दुसरी तिच्यावर अलगद चढते. दातांचा डॉक्टर तू, साफ करणं आणि खड्डे भरणं याशिवाय दुसरं काय सांगणार! पण खरं सांगते, पटलं.

मग मी भंगाराच्या तुकड्यांवर सराव सुरू केला. पुढे पेटव, मागे ये, भर, चाल. हात ऐकेना. पेटवला की आपला दोन टाके मागे! गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई करताना मी 'पुढे पेटव' असं पुटपुटले तर तो माणूस पँट न घेताच निघाला होता. रॉड चिकटले, बाही जळाली, चष्म्यावर ठिपके पडले, यांनी तर पाण्याची बादली घेऊन माझ्यामागे उभं राहायची सवयच लावून घेतली (एकदा काहीही पेटलेलं नसताना ओतली). आणि मग एक दिवस पोपडा ठोकला, तो अख्खाच्या अख्खा उचलून आला, आणि खाली शिवण अशी सलग की रॉड कुठं बदलला ते माझं मला सापडेना. मी यांना हाक मारली. हे बादली घेऊन आले.

आई तेव्हा मावशीकडे गेली होती. म्हटलं, परत येईल तेव्हा बघतच राहील! सगळ्या गाठी ग्राइंडरनं उतरवल्या, खड्डे घासून मोकळे केले, तू सांगितलंस तसे भरले, मधलं टेंगूळ तासून दोन्ही शिवणी एकजीव केल्या, वर रंग दिला. दादा, काय दिसत होता कठडा! रेशमाची किनार झक मारेल.

आई आली, रात्री झोपली. सकाळी उठली. तुला माहीतच आहे, चहा होईपर्यंत ती चष्मा लावत नाही. जग बघायला आधी ताकद लागते म्हणते. खांद्यावर टॉवेल, हातात साबण, दुसरा हात कठड्यावर, अशी निघाली आणि बाथरूमवरून सरळ पुढे गेली. पुढे माझी शिवणाची खोली. तिथं त्या बँकेतल्या बाई (ऑफिसच्या आधी येतात माप द्यायला) नवा कोट अंगात अर्धा घालून, हात वर करून, टाचण्यांमध्ये उभ्या. आईनं दार उघडलं, आत कुणीतरी आहे एवढं तिला कळलं, आणि ती अगदी मोठ्या मनानं म्हणाली, "असू दे, तुझं होऊ दे सावकाश." बाई किंचाळल्या. टाचण्या रुतल्या. आई त्यांच्याहून जोरात ओरडली. हे बादली घेऊन आले.

मग उलगडा झाला. आई त्या गाठींवर चालत होती, रे! तिनं प्रत्येकीला नाव ठेवलं होतं. मधलं टेंगूळ म्हणजे 'मामी' (वाटेत आडवी येते म्हणून). मामी आली की उंबरा, पाय उचलायचा. पुढचा खड्डा म्हणजे 'जावई', कारण बोट घालावं तर आत काही नाही. (हे ऐकून आमचे हे बादली ठेवून गेले.) जावई लागले की डावीकडे बाथरूम. आणि मी मूर्ख, मामीला तासून टाकलं, जावयांना भरून टाकलं!

त्याच दुपारी आईनं बॅग भरली. तुझ्याकडे येते म्हणते. तुझा कठडा डोळे मिटून वाचता येतो म्हणे. दादा, मला आई इथं हवी आहे. भांडते, माझ्या शिवणीत खोट काढते, गिऱ्हाइकांना घाबरवते, पण ती नसली की मला या घरात करमत नाही. बॅग दाराशी आहे. मी तिच्यावर कपड्यांचा ढीग ठेवला आहे.

बाकी ठीक. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : गाठी परत घालायला मी बसले होते. मुद्दाम मागे टेकवते, मुद्दाम खड्डा सोडते, पण हात आता ऐकतच नाही; आपोआप पुढे पेटतो, मागे येतो, भरतो. काही केल्या वाईट जमेना. तेव्हा गाठी घालायला तूच हवास. वेल्डिंगचं मशीन आणू नकोस, इथं आहे. फक्त तू ये. उपदेश तुझा सोन्यासारखा, पण तुझी स्वतःची एक तरी सरळ शिवण मी आजवर पाहिली असेल तर शपथ.

ता. ता. क. : पत्र आईनं वाचलं. बॅग उघडून तिनं टॉवेल परत काढला आहे. म्हणाली, मामी कुठं, जावई कुठं ते मी सांगेन, त्यानं फक्त नेहमीसारखं करावं. आणि दादा, मी लिहू नये म्हणून तिनं हे मला कानात सांगितलं, म्हणून लिहिते : सगळ्या गाठी त्याला एकाच खेपेत घालू देऊ नकोस.