रिस्कलेस मशीन

११ जून
काउंटर मी सांभाळायचा आणि अक्कल मुलाने शिकवायची, हे आजपासून बंद. नमस्कार वहीबाई, राहिलाच होता.

गेम खेळायच्या मशीनचं स्वस्त मॉडेल आलंय. एजंट फोनवर म्हणाला, रिस्कलेस आहे. म्हणजे धोका नाही. एवढं इंग्रजी मला येतं. मुलगा म्हणतो, स्वस्तातलं नको, आपलं दुकान गेमच्या डिस्क विकून चालतं. मी म्हटलं, मग हातावर पोट असलेल्यांच्या पोरांनी खेळूच नये का? पैज लागली. मशीन परत आलं तर काउंटर सुनेचा. बघतेच.

१३ जून
खपतायत. एक मटणवाल्याने नेलं, एक ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तराने. वर डिस्कही गळ्यात मारल्या. एक नर्स घेऊन गेली, तिने डिस्क घेतली नाही. चिकट बाई. सून म्हणाली, सासूबाई, खोका उघडून तरी बघा. मी काय कस्टमवाली आहे?

शिवाय ठरवलं, यापुढे कुणावर हात उचलायचा नाही. बीपी वाढतो.

१४ जून, सकाळ
हात उचलला नाही. आकडा उचलला, शटर ओढायचा. मास्तर आला, डिस्क जात नाही म्हणाला. मी म्हटलं, जोर लावा. लावला. हवेच्या फटीत गेली आणि आत कडकन मोडली. त्याने मशीन काउंटरवर आपटलं, काच फुटली. मी त्याच्या नडगीवर हाणला. हलकेच. लंगडतोय ते नाटक.

दुपार
मास्तर हटेना, तेवढ्यात मटणवाला. हातात मशीन, कमरेला सुरा. विचारतो, डिस्क कुठे घालू? कुठे ते मी सांगितलं. तो पुढे घुसला, मास्तर म्हणाला नंबर माझा, आणि मशीनचा बटणांचा कंट्रोलर मटणवाल्याच्या नाकावर मारला. रक्त. मुलगा सोडवायला गेला, दोघांचा मार खाऊन आला. लहानपणापासून मध्ये पडायची खोड. मी खुर्चीवर चढून तिघांनाही प्रसाद दिला. रस्ताभर गर्दी. फुकटची जाहिरात.

१५ जून
मुलाचा एक डोळा बंद, तोंड चालू. म्हणतो, आई, एजंट डिस्कलेस म्हणाला, डिस्कलेस. डिस्क घालायला भोकच नाही, गेम इंटरनेटवरून उतरवायचे. मी म्हटलं, मग एजंटने कवळी लावून बोलावं.

नर्स मात्र खूश. मुद्दाम सांगायला आली, तिच्या खोलीत डिस्क ठेवायला जागाच नाही. म्हणजे माझंच खरं. स्वस्त मशीन विकावंच. मुलगा म्हणतो, विकावं, पण डिस्कवाल्या गिऱ्हाइकाला नाही. आमच्याकडे दुसरं येतं कोण, ते सांगत नाही.

१६ जून
नर्सचं सोडून सगळी परत. काउंटरवर सून बसलीय. तिने 'यात डिस्क चालत नाही' असा कागद लावला आणि तासाभरात एक विकलंसुद्धा. मी आत स्टुलावर. विश्रांती घ्यायचीच होती.

फोन वाजतोय. मटणवालाच असणार, नाकाचं बिल घेऊन. ज्याचा काउंटर त्याने उचलायचा. सुनेने. माझं विचारलं तर देवाघरी गेल्या म्हणावं.