हात न लावलेली गाडी

इंदिरानगर, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय नवनाथशास्त्री,

हे पत्र तक्रार-अर्ज समजून वाचावं. तक्रार अशी की फोनवर बोलताना तू शब्द गिळतोस. एम.ए.च्या वर्गात ज्या मुलाचे उच्चार ऐकून सर त्याला उभं करायचे आणि आम्हाला म्हणायचे, "बघा, संस्कृत असं म्हणायचं असतं," तो मुलगा पुढे सटाण्याला कांद्याची आडत चालवू लागला, म्हणून त्याने श, ष आणि स कांद्याच्या सालीसारखे फेकून द्यावेत, हे मला शोभणारं वाटत नाही. पूर्वी मी दर रविवारी "काय?" म्हणून विचारायचो आणि तू पुन्हा तसंच पुटपुटायचास. शेवटी मी विचारणंच सोडलं. तुझा आवाज चढला की हसायचं आणि थांबला की "वा, छान" म्हणायचं. मैत्री इतकी जुनी असली की तेवढ्यावरही चालते, असा माझा समज होता. या अर्जातली ही तक्रार मी पत्राच्या शेवटी मागे घेणार आहे. तोवर नोंद असू दे.

आता तुझ्या गाडीविषयी. तुझी म्हणजे आता माझी. गेल्या दिवाळीत तू नवी घेतलीस आणि ही डिझेलची मंदगामिनी माझ्या गळ्यात बांधलीस. चावी देताना तू म्हणाला होतास, "पंडित, बेल्ट थोडा बोलस, बाकी गाडी एक नंबर शे." थोडा बोलतो, हे तुझं विधान काव्यात खपलं असतं. पहिल्या सकाळी मी गाडी सुरू केली तेव्हा ती अशी किंचाळली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली आणि शेजारच्या निकमकाकू पोळपाट हातात घेऊन गॅलरीत आल्या. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, हिला आधी दवाखान्यात न्या." मी नेलं नाही. हळूहळू ती किंचाळी आपोआप कमी होत गेली. मायेने वागवलं की यंत्रसुद्धा निवळतं, असा सिद्धांत मी स्टाफरूममध्ये मांडला, आणि विज्ञानाच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मत्सर समजलो.

पण यंदा गाडीची पंधरा वर्षं भरतात. नोंदणी पुन्हा करायची तर तपासणी आली. टीव्हीवर रोज कुणीतरी जुन्या डिझेल गाड्यांच्या नावाने बोटं मोडतंय, ते ऐकून, म्हणजे पाहून, माझा जीव वरखाली होतो. नवी नंबर प्लेट लावली तेव्हा म्हाताऱ्या बाईला नवी नथ घातल्यासारखं दिसलं. आता आतलं काम उरलं होतं, म्हणून द्वारका चौकाजवळ सहादूकडे गाडी लावली. सहादू हा तुला आवडेल असा मेकॅनिक आहे. त्याला सगळं येतं, फक्त सुरुवात करता येत नाही. मी रोज शाळा सुटल्यावर जायचो आणि तो रोज म्हणायचा, "सर, उद्या नक्की." कुंभमेळ्यासाठी इथे रस्ते असे खणलेत की त्याच्या गॅरेजपर्यंत जायला पाटाची कडा, फळी आणि एकदा तर एका अनोळखी गृहस्थाचा खांदा एवढ्यांचा आधार घ्यावा लागला. साधुसंत येतील तेव्हा येतील, तोवर तपश्चर्या आम्हीच करतोय.

घरातही दुरुस्तीचं पर्व चालू होतं. तुझ्या वहिनीने मला कुकरपाशी उभं केलं, शिट्ट्या मोजून गॅस बंद करा म्हणाली. मी उभा राहिलो. डाळीचा कोळसा झाला. मी निर्भीडपणे सांगितलं की कुकरची शिट्टी बिघडली आहे, आणि तो भांडीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने कुकर तपासला, मला तपासलं आणि कुकर परत दिला. शाळेत मुलं हल्ली सकार खातात म्हणून मी श्लोकपाठांतराच्या स्पर्धेत एकालाही पहिला नंबर दिला नाही. एक मुलगी रडली. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या निकमकाका त्यांच्या सोफ्यावर बसून ऐकतात आणि जाहिराती लागल्या की चहाला उठतात, असं तेच मला हसत सांगून गेले. मीही हसलो. त्यांचा आवाज चढला होता ना.

आणि मग आठ दिवसांपूर्वी, शनिवारी मी गॅरेजला गेलो तेव्हा सहादू कुठेतरी चहाला गेला होता. चावी गाडीलाच होती. मी सहज सुरू केली आणि नवनाथ, किंचाळीचा लवलेश नाही. नुसती भारदस्त धडधड, धडधड. मला गहिवरून आलं. शेवटी पोराने काम केलं तर, मी उगाच संशय घेतला. शेजारच्या पंक्चरवाल्याला खूण केली आणि गाडी घेऊन निघालो. द्वारकेवर लोक वळून वळून बघत होते. एका रिक्षावाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवून मान हलवली. जुनी गाडी एवढी ठणठणीत पाहून थक्क झाला असावा, म्हणून मी त्याला हात केला. सिग्नलला एक आजोबा काहीतरी बोलले. मी "वा, छान" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच गाडीने सहादूकडे गेलो. रविवार होता, तरी तो होता. मी पुडा त्याच्या हातात दिला, पाठ थोपटली आणि चार लोकांसमोर त्याच्या हस्तकौशल्यावर छोटंसं भाषण केलं. त्याने पुडा बाकड्यावर ठेवला. मग तो जवळ आला आणि माझ्या तोंडापाशी तोंड आणून मोठ्याने म्हणाला, "सर, म्या तुमच्या गाडीला अजून हात बी नाय लावला. बॉनेट बी नाय उघडलं. तुम्ही रागावाल म्हणून कालपासून फोन बंद ठेवलाय." मला वाटलं, विनय आहे. मी म्हणालो, ऐक तरी, आवाज आहे का बघ. आणि गाडी सुरू केली. पंक्चरवाल्याने कान झाकले. समोरच्या टपरीवरची बाई ओरडली, काय ओरडली ते माहीत नाही, तोंड मात्र बरंच उघडलं होतं. सहादूने डोळे मिटून घेतले. मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. तळहाताला थरथर कळत होती. कानाला फक्त धडधड.

शेवटी सहादूनेच चावी फिरवली आणि मला स्टुलावर बसवलं. मी त्याला विचारलं, इंडिकेटरची टिकटिक बंद पडलीय, ते तरी खरं ना? तो म्हणाला, "चालू हाय, सर." एवढं हळू म्हणाला की मी ते त्याच्या ओठांवरून वाचलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांच्याकडे काचेची एक खोली आहे. कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीचे घुमणारे आवाज आले, मी दाबलं. मग पुढचा आवाज कधी येतो याची वाट पाहत मी बसून राहिलो, परीक्षेला लवकर पोहोचलेल्या विद्यार्थ्यासारखा. काचेपलीकडची मुलगी दार उघडून आत आली आणि खुणेने म्हणाली, झालं, काका. म्हणजे सगळी प्रश्नपत्रिका माझ्यासमोरून निघून गेली होती. डॉक्टर म्हणाले, बारीक आणि उंच आवाज गेले आहेत, हळूहळू गेले, म्हणून कळलं नाही. यंत्र मिळेल, ते मापाने यायला वेळ लागेल. फोन तूर्त टाळा. तर तुझ्यावरची तक्रार मी मागे घेतो. श, ष, स तू नीट बोलत होतास. सगळे नीट बोलत होते. त्या रडलेल्या मुलीला उद्या वर्गात बोलावणार आहे.

गाडी अजून सहादूकडेच आहे. या खेपेला त्याने खरंच बेल्ट बदलला, असं तो सांगतो. मी कशावरून म्हणू?

इतक्या लांबलचक पत्रात मी तुझ्या घरातल्या एकाचीही विचारपूस केली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मला विचारायचं धाडस होत नाहीये. आपलं शेवटचं बोलणं झालं त्या रविवारी, गाडीच्या या प्रकाराआधी, तू बराच वेळ बोललास. थांबत थांबत. मला वाटलं, रेंज नाही, इथे केबल खणून ठेवल्यात. तू थांबलास तेव्हा मी नेहमीसारखा मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "वा, छान झालं, आता पेढे पाहिजेत." फोन कट झाला. त्यानंतर तुझा फोन नाही आणि सकाळी मोबाइलवर तू न चुकता पाठवायचास ती गुलाबाची फुलंही थांबली. तुझी लेक हर्षाली बाळंतपणाला तुझ्याकडे आली आहे आणि तिचे दिवस भरत आले होते, एवढं मला माहीत आहे. तुझ्या आईला, काकूंना, हिवाळ्यापासून बरं नाही, हेही माहीत आहे. त्या दिवशी तू मला काय सांगितलंस, ते मात्र माहीत नाही. मोबाइलवर लिहिणार होतो, पण तुझा तो आडतीवर दहा जणांच्या हातात असतो. वहिनीला फोन लावायला सांगता आलं असतं, पण तिला यातलं अजून काही बोललेलो नाही, आणि हा प्रश्न तिने विचारायचा नव्हेच. नवनाथ, मी कशावर हसलो, ते दोन ओळींत लिहून कळव. एस.टी.ने लगेच निघेन. येताना पेढे आणायचे की रिकाम्या हाताने येऊन नुसतं तुझ्याजवळ बसायचं, हे मला कळत नाही, आणि त्याची मला फार भीती वाटते.

तुझाच,
दिगंबर