कागदाच्या मशाली

बाबा,

तुमचा क्लब वर आला. फिनलंडच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, इतक्या वर्षांनी. शनिवारी संध्याकाळी आपल्या डमडमच्याच घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, मी आणि आईने अख्खा सामना पाहिला. ओरडून माझा घसा असा बसला की सोमवारी ऑफिसात दोघांनी मला घरी जाऊन झोपायला सांगितलं. तिकडे दुपार, आपल्याकडे संध्याकाळ. आई आता पंच्याऐंशीची आहे. तिला ऑफसाइड तुम्ही असताना कळला नाही आणि आताही कळत नाही, पण चेंडू कोणाच्या पायात आहे ते तिला माझ्याआधी दिसतं. शेवटची पाच मिनिटं उरलीत, बरोबरी आहे, बरोबरीने भागणार नाही, आणि कोपऱ्यातून चेंडू येतो. एक बुटका बचावपटू, त्याने आयुष्यात कधी गोल केला असेल असं वाटत नाही, डोकं खाली घालून त्यात घुसतो, आणि गोल. खालच्या मजल्यावरची बौदी, म्हणजे वहिनी, धावत वर आली. तिला वाटलं आईला काही झालं. आई टाळ्या वाजवत बसली होती.

हे मी तुम्हाला लगेच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. क्लबाचा इतिहास आता पुस्तकरूपाने निघतो आहे, उद्या तो छापायला जातो, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या वहीवरून घेतलंय. त्या प्रकरणात एक गोष्ट खोटी आहे. ती मी घातलेली आहे, वयाच्या बाराव्या वर्षी, तुमच्या नाकाखाली.

मुळापासून सांगते, कारण सांगताना मला मजा येते. तुमची बदली कलकत्त्याला झाली आणि पहिल्याच दिवशी डबा उघडायच्या आत ऑफिसातल्यांनी तुम्हाला विचारलं, कुठला क्लब? लाल-पिवळे की हिरवे-मरून? या शहरात हा प्रश्न आडनावाच्या आधी येतो. अर्धं ऑफिस एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. तुम्ही कागद तपासणारे सरकारी अधिकारी, सगळ्यांशी काम पडणार, कोणाला दुखवून चालणार नव्हतं. त्याच आठवड्यात खिदिरपूरच्या गोदीत फिनलंडहून आलेली वर्तमानपत्राच्या कागदाची रिळं भिजलेली निघाली आणि कारखान्याचा माणूस भांडायला आला. तुम्ही चाकूने रिळाचे पदर एकेक करून कापत गेलात, ओला पदर बोटाने चोळलात आणि बोट जिभेला लावलंत. खारट, म्हणजे समुद्राचं पाणी, म्हणजे दोष जहाजाचा, कारखान्याचा नाही. त्या उंच गोऱ्या माणसानेही बोट चाटलं आणि मान हलवली. गोदीतले हमाल दोन साहेबांना कागद चाटताना बघत उभे राहिले. दुपारी चहा पिताना कळलं की तो त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा सचिव आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात जाहीर केलंत की माझा क्लब फिनलंडचा. सुटका करून घ्यायला मारलेली ती थाप होती. पण त्या माणसाने परत गेल्यावर खरोखर पत्र लिहिलं, तुम्ही उत्तर दिलंत, आणि थाप तुमच्या गळ्यात पडली ती कायमची.

त्या पत्रांतून तुम्ही माझं मराठी घडवायचं ठरवलंत. मी झोपेत बंगाली बोलायची आणि आईला ‘काय झालं’ऐवजी ‘की होलो’ विचारायची, हे तुम्हाला बघवत नव्हतं. नियम असा होता की पत्र मी उघडायचं, इंग्रजीतलं समजून घ्यायचं आणि दोनशे पानी वहीत मराठीत उतरवायचं. मग तुम्ही ऑफिसातून येऊन, पाय धुऊन, चहा घेऊन बसणार आणि पत्र व वही शेजारी ठेवून तपासणार. क्लबाचा सगळा इतिहास मी असा लिहिला. कारखान्यातल्या कामगारांनी बटाट्याचं शेत सपाट करून मैदान कसं केलं, सामना सुरू करायला शिट्टीऐवजी कारखान्याचा भोंगा कसा वाजायचा. अर्धं वर्ष मैदान बर्फाखाली, आणि उन्हाळ्यात रात्री दहालाही उजेड, म्हणून दिव्यांचा खर्चच नाही. लढाईवर गेलेले अर्धे खेळाडू परत आले नाहीत, तेव्हा उरलेल्यांनी शेजारच्या गावाची माणसं उसनी घेऊन संघ उभा केला. क्लब जिंकल्याचं पत्र आपल्याकडे तीन आठवडे उशिरा यायचं, आणि त्या शिळ्या विजयाचं आई ताजं श्रीखंड करायची. खालच्या मजल्यावरचे जेठू, म्हणजे शेजारचे थोरले काका, त्यांचे लाल-पिवळे जिंकले की हिल्सा मासा आणायचे, तेव्हा आपणही काहीतरी करायला नको का, असं तुमचं म्हणणं. एकदा मी वहीत लिहिलं, ‘आपला गोलरक्षक वाघासारखा झेपावला.’ पत्रात तसं काही नव्हतं. तुम्ही ते वाक्य खोडलंत आणि म्हणालात, “पत्रात आहे तेवढंच लिहायचं. पदरचं घालणारे आपण कोण?” आवाज चढवला नाहीत. मी मात्र जेवले नाही त्या दिवशी, कारण वाघ मला फार आवडला होता.

मग त्या दुर्गापूजेच्या सुट्टीआधीचा रविवार. जेठूंनी आपल्या दोघांना मैदानावर सामना बघायला नेलं. तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही सबंध वेळ दोन्ही बाजूंच्या गोलांना सारख्याच टाळ्या वाजवल्यात आणि जेठू दर वेळी कपाळाला हात लावत होते. लाल-पिवळे जिंकले. उन्हं कलली होती. लोकांनी बुडाखाली घेतलेली वर्तमानपत्रं काढली, गुंडाळली, पेटवली. एक मशाल, दहा, मग सगळी गॅलरी. जेठूंनी एक माझ्या हातात दिली आणि मनगट घट्ट धरून ठेवलं. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही हसत होतात, पण नजर जळणाऱ्या कागदावर होती. घरी येताना सियालदहच्या गाडीत म्हणालात की तो कागद बहुधा तुम्हीच पास केलेला होता.

त्यानंतर महिन्याने सचिवांचं कार्ड आलं. पत्र नव्हे, कार्ड, चार-पाच ओळींचं. क्लब खालच्या श्रेणीत गेला. कारखाना बंद होतोय. ते गाव सोडून जाताहेत, पुन्हा पत्र लिहिणं जमेलसं वाटत नाही. तुम्ही त्या आठवड्यात पारादीपला होतात, दुसऱ्या बंदरावर, आणि घरी मी आणि आई. मी कार्ड दोनदा वाचलं. मग वही उघडली आणि त्या वाघानंतर पहिल्यांदा पदरचं घातलं. मी लिहिलं की क्लब शेवटचा सामना हरला, पण कोणी घरी गेलं नाही. बर्फ पडायला लागलं होतं. कामगारांनी आपल्याच कारखान्यातला कागद गुंडाळला आणि पेटवला, आणि मैदानाच्या चारी बाजूंनी मशाली धरून हरलेल्या पोरांना वाट दाखवली. दोन पानं भरली. खाडाखोड नाही. कार्ड मी शाळेच्या सहलीत हावड्याला जाताना लाँचमधून फाडून नदीत टाकलं आणि तुम्हाला सांगितलं की वाऱ्याने हातातून उडालं. निष्काळजीपणाबद्दल बोलणी खाल्ली. मग तुम्ही ती पानं वाचलीत, परत वाचलीत, आणि समासात लाल शाईने ‘शाब्बास’ लिहिलंत. तुमच्या हातचं ते मला मिळालेलं एकमेव. दुसऱ्या दिवशी शाईचं पेनही आणलंत.

पुढची दोन वर्षं तुम्ही वसंतात पत्र टाकत राहिलात. उत्तर आलं नाही. म्हणालात, म्हातारा गेला असणार. मग तुम्हीच गेलात, मी कॉलेजात असताना. क्लबाचं पुढे काय झालं ते मला फार नंतर कळलं. गावातल्याच लोकांनी वर्गणी काढून तो सगळ्यात खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू केला. इतकी वर्षं खेळाडू दिवसा कामावर जायचे आणि संध्याकाळी सराव करायचे, आता त्यांची कंपनी झाली, खेळाडूंना पगार सुरू झाला, बटाट्याच्या शेतावर नकली गवत आलं. दोन वर्षांपूर्वी सचिवांच्या नातीने मला लिहिलं. ती क्लबाच्या कचेरीत काम करते. जुन्या खोलीच्या खणात तिला तुमची ती शेवटची दोन पत्रं सापडली, न उघडलेली. पाकिटावर आपला पत्ता होता, आणि आपण अजून इथेच आहोत. दोन्ही पत्रांत तुम्ही एकच विचारलं होतं, त्या मशाली अजून पेटवता का? तिने मला विचारलं, कसल्या मशाली? क्लबाचे त्या काळातले कागद कारखान्याबरोबर कचऱ्यात गेले. निकाल सगळीकडे आहेत, पण सामन्याला काय झालं हे सांगणारं काहीच नाही. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी वही काढली, ती दोन पानं इंग्रजीत उतरवली आणि पाठवून दिली. तुमच्या प्रश्नाला खोटं पाडायची मला हिंमत झाली नाही. आता तुमचं पत्र आणि माझी वही, असे दोन पुरावे झाले.

आणि शनिवारी काय झालं माहीत आहे? सामना संपला, खेळाडू एकमेकांवर कोसळले, आणि प्रेक्षकांनी पिशव्यांतून वर्तमानपत्रं काढली. गुंडाळली. मैदानाच्या एका कडेला आगीचे दोन बंब तयार उभे होते, कारण ते लोक आपल्यासारखे नाहीत, परवानगी काढून पेटवतात. मग एक मशाल, दहा, सगळी गॅलरी. एका बाईने लहान मुलीच्या हातात एक दिली आणि तिचं मनगट धरलं. निवेदक फिनिशमध्ये काहीतरी मोठ्याने सांगत होता. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मी रडायला लागले, हसायला लागले, आणि मग आईला सगळं सांगितलं. कार्ड, लाँच, दोन पानं.

“म्हणजे तू खोटं लिहिलंस,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

“पण हे मी आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं. याचं काय करायचं?”

न सांगावं, तर बारा वर्षांच्या मुलीची थाप इतिहास म्हणून छापली जाणार. सांगावं, तर सगळ्या वहीवरचाच विश्वास उडणार, आणि त्या वहीतली बाकीची पानं तर तुम्ही ओळ न् ओळ पत्राशी ताडून पाहिलेली. भिजलेल्या रिळाचा अहवाल लिहितानासुद्धा तुम्ही कधी एक शब्द पदरचा घातला नव्हता. तुमचं नाव माझ्यामुळे खाली यावं हे मला सोसणारं नव्हतं. तीन दिवस असे काढले. आज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी नातीला सगळं लिहून पाठवलं. एवढंच आणखी लिहिलं की वडिलांनी तपासलेली पानं वेगळी आहेत, ही दोनच पानं त्यांना पत्राशी ताडून बघायला मिळाली नाहीत.

तासाभरात तिचं उत्तर आलं. मशाली पुस्तकात राहणार आहेत, पण त्या कलकत्त्याहून आल्या असं स्पष्ट लिहून. रागावली नव्हती, उलट खूश होती, तिला सगळ्या गावाला सांगायची घाई झाली होती. तिने फक्त एक विचारलं, आजोबांनी त्या कार्डात खरं काय लिहिलं होतं? कार्ड नदीत गेलं तरी माझं पाठ आहे, बाबा. मी तिला सगळं लिहून दिलं. आणि मग लक्षात आलं की ज्याच्यासाठी ते लिहिलेलं होतं त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. शेवटची ओळ अशी होती: ‘आमचा क्लब हरल्यावर मला इथे सगळे का हरलो ते विचारतात. पुढचा सामना कधी, असं विचारणारे एकटे तुम्हीच होतात.’

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कार्ड लपवलं, असं मी आईला सांगितलं, नातीला सांगितलं, इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आले. तसं नव्हतं. पत्रं संपली की वही संपणार, आणि वही संपली की तुम्ही ऑफिसातून येऊन माझ्याजवळ बसायचं काही कारण उरणार नाही, याची मला भीती वाटली.